एक सेल गेला म्हणून...

सणावाराच्या आधी समई घासायला घेतली, की गृहिणी पहिले काम काय करते? समई फिरवून उघडते. वरचा भाग वेगळा, दांडी वेगळी, बैठक वेगळी. चिंचेने लख्ख घासायची आणि पुन्हा आटे बसवून उभी करायची. आजेसासूची समई नातसुनेच्या देव्हाऱ्यात तेवते, त्यामागे या आट्यांचा वाटा मोठा आहे.

तमिळनाडूत कुंभकोणमपासून सुमारे दहा किलोमीटरवर नाचियारकोविल हे अशा दिव्यांचेच गाव आहे. तंजावरच्या भोसल्यांमुळे हा मुलूख मराठी माणसाला परका नाही. त्रावणकोर, इंदूर आणि बडोदे या तिन्ही संस्थानांचे दिवाण झालेले सर टी. माधवराव हे कुंभकोणमचेच. गावाचे नावही गमतीदार आहे. नाचियार म्हणजे देवी. येथील विष्णुमंदिरात पहिला मान देवाचा नसून देवीचा, म्हणून गाव तिच्या नावाचे! इथले कारागीर कावेरीकाठच्या बारीक गाळवाळूचे साचे करून त्यांत पितळ ओततात. बैठक, खांब, तेलाचे तबक आणि वरची हंसाची शोभा, सगळे निरनिराळे ओतायचे, लेथवर कातायचे, आटे पाडायचे आणि एकावर एक बसवायचे. तबकाला तडा गेला तर तेवढे तबकच नवे करता येते. अगदीच जीर्ण झालेला दिवा वितळवून त्याच पितळाचा नवा दिवा ओतता येतो.

आता नजर जरा घरी फर्निचरच्या कामाला येणाऱ्या मिस्त्रींकडे वळवू. त्यांच्या हातात वायरीशिवाय चालणारे ड्रिल असते. हे मशीन एक दिवस अचानक दम टाकते. रात्रभर चार्ज करूनही चार स्क्रू कसले, की बंद. दुकानदार सांगतो, "बॅटरी गेली, नवी घ्या." मशीनच्या किमतीचा मोठा हिस्सा बॅटरीतच असतो, त्यामुळे हे ऐकून रोजंदारीवर काम करणाऱ्याच्या पोटात गोळा येतो. त्यातून मॉडेल जुने असेल, तर तशी बॅटरी बाजारात मिळतच नाही. मग चांगली धडधाकट मोटर भंगारात जाते.

खरी गोष्ट अशी, की त्या काळ्या प्लॅस्टिकच्या डब्यात ‘बॅटरी’ नावाची एकच वस्तू नसतेच. १८ व्होल्टच्या डब्यात बोटाएवढे पाच लिथियम सेल एकापुढे एक जोडलेले असतात. प्रत्येक साधारण ३.६ व्होल्टचा; पाचांचे मिळून १८. (बाजारात ‘२० व्होल्ट’ म्हणून मिळतो तो बहुधा हाच डबा. पूर्ण भरल्यावर प्रत्येक सेल चारच्या वर जातो, म्हणून आकडा फुगवून लिहायचा!) जास्त वेळ चालणाऱ्या डब्यात अशा जोड्या असतात, म्हणजे दहा सेल. एका माळेत असल्यामुळे यातला एकच सेल अशक्त झाला, तरी सगळी माळ अडते. चार सेल ठणठणीत आणि एक आजारी, तरी शिक्का पाचांवर ‘गेली’ असाच.

या मशीनचा इतिहास फार लांबचा नाही. ब्लॅक अँड डेकर या अमेरिकन कंपनीने १९६१ मध्ये बिनवायरीचे ड्रिल आणले. १९७१ मध्ये अपोलो १५च्या अंतराळवीरांनी बॅटरीवरच्या ड्रिलने चंद्राची जमीन खोदली. तिथे वायर लावणार कुठे? पुढे कित्येक वर्षे या हत्यारांत निकेल-कॅडमियमचे सेल असत, प्रत्येकी १.२ व्होल्टचे, म्हणून १८ व्होल्टला तब्बल पंधरा लागत. दणकट खरे, पण कॅडमियम विषारी. लिथियम-आयन सेल १९९१ मध्ये बाजारात आले आणि त्यामागच्या तिघा शास्त्रज्ञांना २०१९ चे नोबेल मिळाले. हे सेल हलके, ताकदवान आणि जरा तापट स्वभावाचे.

डबा उघडून सेल बदलणे हे काम जाणकार माणूस करू शकतो. मुंबईच्या लॅमिंग्टन रोडला किंवा पुण्याच्या तपकीर गल्लीत विचारणा केली, तर असा माणूस सापडू शकतो. तो आधी तारांकित खाचेचे स्क्रू काढून डबा उघडतो आणि प्रत्येक सेलचा व्होल्ट वेगळा मोजतो. कधी कधी सेल बरे असतात आणि बिघाड आतल्या छोट्या सर्किटमध्ये निघतो. कधी पावसाळाभर मशीन पेटीत पडून राहिल्याने सेल इतके रिते झालेले असतात, की चार्जर त्यांना ओळखच देत नाही. अशा वेळी बाहेरून झटका देऊन बॅटरी ‘जागी’ करणारे महाभाग भेटतात. थोडी उतरलेली बॅटरी जागी होईलही. पण जवळजवळ शून्यावर गेलेल्या लिथियम सेलमध्ये आतले तांबे विरघळू लागते आणि पुन्हा भरताना तो आतल्या आत शॉर्ट होऊ शकतो. तो सेल बाद समजावा.

मग एकच सेल बदलला तर? मन असेच म्हणते, आणि इथेच फसगत होते. नव्या आणि जुन्यांची चाल जुळत नाही. जुने आधी थकतात आणि नव्याच्या जोरावर ओढले जातात. म्हणून पाचही सेल एकाच जातीचे, एकाच वेळचे घालावे लागतात. तेही हत्यारांसाठी बनवलेले हवेत. लॅपटॉपच्या बॅटरीतून काढलेला सेल दिसायला तसाच असतो, पण लाकडात अडकलेले ड्रिल क्षणभर वीस-तीस अँपिअर मागते, तेवढे देता देता तो तापून जातो.

नकली मालाचे तर विचारूच नका. १८ मिलिमीटर जाड आणि ६५ मिलिमीटर लांब अशा या सेलवर ‘९९००’ छापलेले असते. नावाजलेल्या कंपन्यांनाही एवढ्या जागेत ३५०० मिलिअँपिअर-तासांच्या फार पुढे जाता आलेले नाही, तर फुटपाथवरच्या सेलला कुठून जमणार? साधी परीक्षा म्हणजे वजन. खरा सेल सुमारे ४५ ग्रॅम भरतो. किराणा दुकानातला काटाही इथे कामाला येतो!

सेल जोडायचे कसे, यात कारागिराची खरी पारख होते. रेडिओला जसा कथलाचा डाग देतात तसा इथे देऊन चालत नाही. त्या उष्णतेने सेलच्या आतला पडदा आणि तोंडाजवळचे सील खराब होते. स्पॉट वेल्डिंगने निकेलची पट्टी काही मिलिसेकंदांत चिकटवतात, सेलला गरम व्हायला सवडच मिळत नाही. सेलचा सगळा पत्रा ऋण आणि वरचे बटण तेवढे धन, मध्ये केसाएवढे अंतर. म्हणून बटणाभोवती जाड कागदाची चकती बसवायचीच. ही दमडीची चकती विसरली, की ठिणगी उडते. अंगठी आणि घड्याळ काढून कामाला बसणारा माणूस दिसला, तर त्याच्यावर थोडा अधिक विश्वास ठेवायला हरकत नाही.

एक गोष्ट मात्र कोणी कितीही सोपी करून सांगितली तरी करू नये. जुन्या निकेल-कॅडमियमच्या डब्यात लिथियम सेल भरून तोच जुना चार्जर लावायचा नाही. लिथियम सेल ४.२ व्होल्टला थांबवावाच लागतो आणि जुन्या चार्जरला तो थांबा ठाऊक नसतो. रात्री सगळे झोपलेले असताना घरात आग लागण्याइतका हा खेळ महाग पडतो. दुरुस्त केलेला डबा पहिले काही दिवस तरी डोळ्यांसमोरच, फरशीवर ठेवून चार्ज करावा. गादीजवळ, कपड्यांजवळ नाही.

इतके सगळे सांभाळायचे, तर नवी बॅटरीच का घेऊ नये? योग्य भावात, खात्रीच्या दुकानात मिळत असेल, तर जरूर घ्यावी. पण मिळत नसेल तेव्हा मिस्त्रींच्या हातचे मशीन वाचले पाहिजे. डबा न उघडण्यासाठीच बनवायचा आणि वरून मॉडेल बदलून मोकळे व्हायचे, ही कारखानदारांची रीत घरातल्या बाईला पटणारी नाही. तिच्या समईला आटे आहेत.

काढलेल्या सेलचे काय? त्यांच्या दोन्ही टोकांना चिकटपट्टी लावायची आणि ते घंटागाडीत मुळीच टाकायचे नाहीत, कारण कचरा दाबताना सेल चिरडला की पेट घेतो. २०२२ च्या बॅटरी कचरा व्यवस्थापन नियमांनी जुन्या बॅटऱ्या गोळा करण्याची जबाबदारी उत्पादकांवर टाकली आहे, तेव्हा ज्या कंपनीचे मशीन, तिच्या सेवाकेंद्रात आधी विचारावे. पाचांतले जे चार मोजणीत बरे ठरतात, ते मात्र जाणता मिस्त्री वेगळे ठेवतो. ड्रिल ओढण्याची ताकद त्यांच्यात उरली नसली, तरी वीज गेल्यावर शोधायच्या टॉर्चला असा एक सेल पुरतो.