शेवटचा पेटता दिवा

सोलापूर

चि. मुक्तास,


तुझ्या कीबोर्डाचा फोटो मोठा करकरून पाहिला. दोन तुकड्यांचा ‘कॉर्न’ कीबोर्ड, प्रत्येक सांधा स्वतःच्या हाताने डाकलेला, आणि तोही इन्स्क्रिप्टने मराठी लिहिण्यासाठी! मला फार आनंद झाला. १९८६ साली सरकारच्या इलेक्ट्रॉनिक्स विभागाने ही मांडणी ठरवली, तेव्हा मात्रा डाव्या हाताला आणि बहुतेक व्यंजनं उजव्या हाताला दिली. तुझा बोर्ड दुभंगतो तोही जवळपास त्याच रेषेवर.

आता तुझी अडचण: डावीकडच्या तुकड्याचे दिवे अर्ध्यातच थांबलेत. पण अक्षरं उमटतात ना? मग कळांची जाळी धड आहे, दिव्यांची तार वेगळी. सगळे दिवे उपटून नवे लावते म्हणतेस, ते मात्र करू नकोस. फार तापवलं की बोर्डावरचा तांब्याचा ठिपका उखडतो, आणि तो पुन्हा बसवणं फार कठीण.

तुझ्या बोर्डावरचे एसके ६८१२ दिवे पंगतीतल्या माणसांसारखे वागतात. आलेल्या संदेशातले पहिले २४ बिट स्वतःला ठेवून घ्यायचे, उरलेले शेजाऱ्याकडे सरकवायचे. तुझ्या अर्ध्या बोर्डावर असे २७ जण आहेत: खालच्या बाजूला ६, कळांखाली २१. एकाने हात आखडला की पुढचे सगळे उपाशी. म्हणून अंधारातल्या दिव्यांकडे बघू नकोस. शेवटचा पेटता आणि पहिला विझलेला, या दोघांतच शोध.

बोर्ड चालू ठेवून लाकडी काडीने दोघांना हळूच दाबून बघ. पुढचे दिवे क्षणभर जरी उजळले तरी समज, ड्राय सोल्डर. टीव्हीच्या सर्किटांवर आयुष्य गेलं माझं. कितीतरी तक्रारींच्या मुळाशी हेच सापडायचं. काहीच हललं नाही, तर यूएसबी काढ, मग दोन तुकड्यांमधली केबल काढ. ही केबल वीज चालू असताना कधीही ओढायची नाही, शॉर्ट होतं. मग मल्टीमीटर बझरवर लावून पेटत्याचा ‘आउट’ ते विझलेल्याचा ‘इन’ तपास. वाजला नाही तर दोन्ही टोकांना फ्लक्स लावून पाय पुन्हा डाक. सोल्डरिंगचं बीट पायाला टेकवायचं, दिव्याच्या अंगाला नाही, आणि एक-दोन सेकंदांत उचलायचं. वाजला, तर आधी केबल, मग यूएसबी पुन्हा जोड आणि मल्टीमीटर व्होल्टवर घेऊन विझलेल्याला पाच व्होल्ट पोचतात का ते मोज. त्याचा तिरका कापलेला पाय बोर्डावरच्या खुणेशी जुळतो का, तेही बघ. उलटा बसलेला दिवा पुढे काही देत नाही.

आणखी एक. सगळे दिवे पांढरे, पूर्ण तेजात लावू नकोस. दर रंगाला १२ मिलीअँपिअर धरले तरी दोन्ही तुकड्यांचे ५४ दिवे दोन अँपिअरच्या जवळ जातात. साधा यूएसबी २.० पोर्ट ५०० मिलीअँपिअरचा. फर्मवेअरमध्ये तेजाला मर्यादा घालून ठेव.

सोबत पाठवलेल्या शेंगाचटणीच्या डब्यात सुट्या दिव्यांचं पाकीट ठेवलंय, डबा उघडताना बघ. आणि कीबोर्ड दुरुस्त झाला की पहिलं पत्र त्याच्यावरच लिही, मोठं लिही.

तुझा
मामा