बंड्याला तेलुगू येत नाही

हैदराबादेतला मराठी माणूस म्हटलं की जुन्या मंडळींच्या डोळ्यांसमोर सुलतान बाजार, काचीगुडा, कुतबीगुडा हा भाग येतो. १९०७ सालची विवेकवर्धिनी त्याच बाजूला, मराठी ग्रंथ संग्रहालयही तिकडेच. त्या भागात वाढलेल्या एका काकांना मी विचारलं, "काका, गावी जाताना तुम्ही कुत्र्याचं काय करायचात?" ते हसले. "करायचं काय? शेजारच्या वहिनींना सांगायचं, जरा भाकरी टाका म्हणून."

आमच्यासारखे नोकरीसाठी आलेले लोक मात्र शहराच्या दुसऱ्या टोकाला, कोंडापूर, मियापूर, नल्लगंडला अशा ठिकाणी राहतात. शेजार चांगला आहे, पण एक घर भुवनेश्वरचं, एक कोइमतूरचं. शाळांना सुट्टी लागली की ते आमच्याआधी गावी पोचलेले असतात.

कुत्र्यांसाठी तसा हा भाग बरा. महापालिकेनं २०१८ साली खास कुत्र्यांसाठीचं उद्यान केलं ते कोंडापूरलाच, सव्वा एकराच्या आसपास, पूर्वी कचरा टाकायचे त्या जागेवर. बंड्याची तिथे बरीच ओळख आहे. बंड्या आमचा गावठी कुत्रा, सात वर्षांचा. त्याला फिट येतात. दर बारा तासांनी गोळी द्यावी लागते आणि ती चुकून चालत नाही, कारण हे औषध अचानक थांबलं तर त्यानंच फिट येऊ शकते.

यंदा मे महिन्यात परभणीला चुलत बहिणीचं लग्न होतं. पाच दिवस जायचं होतं. रेल्वेत कुत्रा न्यायचा तर फर्स्ट एसीचं अख्खं कूपे किंवा केबिन आपल्या नावावर हवी, नाहीतर गार्डच्या डब्यातली पेटी. फिट येणाऱ्या कुत्र्याला त्या पेटीत घालायचं माझ्या मनात येईना. शिवाय परभणीचा मे आणि लग्नघर. म्हणून घरी येऊन राहणारी पेट सिटर शोधली. मूळची करीमनगरची मुलगी, घरून काम करते आणि जोडीला हे.

पैशांचं बोलणं निघायच्या आधीच तिनं विचारलं, "अन्ना, याला कोणती भाषा कळते?"

हा प्रश्न मला फार आवडला. बंड्याला मराठी कळते. 'बस' म्हटलं की बसतो, 'राहा' म्हटलं की जागेवर थांबतो. आता इथल्या बोलीत 'बस' म्हणजे पुरे, आणि तेलुगूत 'रा' म्हणजे ये. म्हणजे तिनं सवयीनं 'रा, रा' म्हणून बोलावलं तर हा पठ्ठ्या अर्धं ऐकून जागेवरच थांबणार. जिन्यात किंवा रस्त्यावर हे महागात पडतं. 'नको'ची मात्र अडचण आली नाही. दखनीतला 'नक्को' मुळात आपलाच, तो बंड्याला लगेच कळला. मग बायकोनं आठ शब्द देवनागरीत लिहिले, तिनं शेजारी तेलुगू लिपीत उच्चार लिहून घेतले आणि कागद फ्रिजवर लावला.

खरं काम तिथून पुढे सुरू झालं. रिक्वायरमेंट मोघम असली की शेवटी काय हातात पडतं, हे आपल्यातल्या निम्म्या वाचकांना सांगायला नको. 'सकाळ-संध्याकाळ फिरवायचं' या वाक्याला काही अर्थ नाही. सातच्या आत आणि रात्री आठनंतर, अर्धा तास, पट्टा सोडायचा नाही. मध्ये न्यावंच लागलं तर आधी हाताची मागची बाजू रस्त्यावर टेकवून बघायची. हाताला सोसत नसेल तर पंजालाही सोसत नाही. खाण्याचंही तसंच. हैदराबादेत बिर्याणी येणारच, म्हणून स्पष्ट लिहिलं की बिर्याणीतलं हाड द्यायचं नाही. शिजलेल्या हाडाचे टोकदार तुकडे पडतात आणि ते आतड्यात टोचतात. कांदा, चॉकलेट, द्राक्षं, बेदाणे बंद. खालचा वॉचमन प्रेमानं उस्मानिया बिस्किट देतो, ते रोज एक, त्याचं मन मोडायचं नाही.

फिटबद्दल अर्धं पान लिहिलं. तोंडात हात घालायचा नाही, आजूबाजूच्या वस्तू सरकवायच्या, घड्याळ बघायचं, जमलं तर व्हिडिओ घ्यायचा. पाच मिनिटांच्या वर गेली किंवा पाठोपाठ दुसरी आली तर सरळ दवाखान्यात न्यायचं, आम्हाला विचारत बसायचं नाही. दहा हजारांपर्यंतचा खर्च तिनं स्वतःच्या निर्णयावर करायचा. ती रक्कम आम्ही तिच्याकडे आधीच दिली आणि डॉक्टरांनाही फोन करून तिचं नाव कळवून ठेवलं. इथे अनेकजण हात आखडता घेतात असं मी पाहिलंय. पण जिवाची जबाबदारी द्यायची आणि निर्णय द्यायचा नाही, हे मला पटत नाही.

तिचीही यादी होती. घरात कॅमेरे किती? हॉलमध्ये एक, बाकी कुठे नाही, तिला दाखवला. स्वयंपाकघरात अंडं चालेल का? चालेल, पण निळा तवा वापरायचा. मैत्रीण राहायला आली तर? दिवसा चालेल, रात्री नको. देवापुढे दिवा लावायचा का? आई फोनवर होती, ती म्हणाली, "नको गं बाई, घरात कुत्रा एकटा आणि दिवा चालू, ते नको." दुपारी तीन तास ती ऑफिसच्या मीटिंगमध्ये असेल, तेव्हा फोटो मागायचे नाहीत, हेही ठरलं. रोज दोन मेसेज, गोळी दिल्यावर. दर रात्रीचे हजार रुपये, निम्मे आधी. मग आम्ही मियापूरला मित्राकडे एक रात्र राहिलो आणि ती बंड्याबरोबर. त्या रात्रीचेही पैसे दिले. ती पाहुणी म्हणून आली नव्हती.

परभणीला तिसऱ्या रात्री अकरा वाजता फोन वाजला. हळदीचा गोंधळ चालू होता, मी गच्चीवर पळालो. तिचा आवाज कापत होता पण वाक्यं सरळ होती. "अन्ना, फिट आली होती. एक मिनिट चाळीस सेकंद. आता उठलाय, पाणी प्यायला. व्हिडिओ डॉक्टरांना पाठवलाय, ते म्हणाले आज रात्री लक्ष ठेव." गोळी आठ वाजता दिल्याचा मेसेज माझ्याकडे होताच, म्हणजे गोळी चुकली होती का, हा प्रश्नच आला नाही. ती रात्रभर हॉलमध्ये त्याच्याजवळ गादी टाकून झोपली. मी देवगिरीची वेळ बघत होतो, तर बायको म्हणाली, "सकाळचा मेसेज येऊ दे, मग ठरव." सव्वाआठला मेसेज आला, बरोबर वॉचमनच्या पायाशी बसलेल्या बंड्याचा फोटो.

परतलो तेव्हा कागदाच्या खाली तेलुगूत चार ओळी वाढलेल्या होत्या. ऑफिसातल्या मित्राकडून वाचून घेतल्या. पहाटे तीनला उठून पाणी पितो, वाडगं भरून ठेवा. लिफ्टमध्ये आरशाकडे तोंड करून उभं केलं तर भुंकत नाही. गोळी दह्यापेक्षा केळ्यात पटकन जाते. चौथी ओळ आमच्यासाठी होती: पुढच्या वेळी रात्रीचे बाराशे, आणि संक्रांतीला ती स्वतःच करीमनगरला जाते. संक्रांतीला निम्मं हैदराबाद गावी जातं, तेव्हा ज्यांना जानेवारीत कुठे जायचंय त्यांनी दिवाळीच्या आधीच कुणाशी तरी बोलून ठेवावं. आम्ही बोललोय.