बेन्सनच्या तळावरची मोटार

पाटीवरचं अक्षर नीट वाचता येतं की नाही हे ठरवायला माणसांना मोकळ्यावर बसवून त्यांच्या रोखाने मोटार सोडली होती, हे तुम्हाला ठाऊक होतं? मला नव्हतं! इंग्लंडात ऑक्सफर्डशरमध्ये बेन्सन नावाचा हवाईदलाचा तळ आहे. तिथे स्वयंसेवक बसवले, मोटारीच्या टपावर गावांच्या नावांची पाटी चढवली आणि गाडी त्यांच्याकडे हाकत आणली. कुणाला नाव किती लांबून लागलं, त्याची नोंद! हे वाचल्यापासून भेटेल त्याला मी हेच सांगत सुटले आहे. घरचे आता विषय बदलतात.

झालं असं, की 1950च्या दशकात ब्रिटनला मोटारवे बांधायचे होते. पहिला तुकडा, प्रेस्टनचा बायपास, डिसेंबर 1958मध्ये खुला झाला. जुन्या पाट्या सायकलच्या वेगाला ठीक होत्या. मोटारवेच्या वेगाला त्या वाचेपर्यंत वळण मागे पडणार. म्हणून जॉक किनीर या डिझायनरला बोलावलं, आणि त्याने मदतीला घेतलं आपल्या विद्यार्थिनीला, मार्गारेट कॅल्व्हर्टला. विशीतली मुलगी! प्रश्न किती साधा धरला बघा : वेगात असलेल्या माणसाला या क्षणी नेमकं काय हवंय? एवढंच ठेवायचं, बाकी सगळं काढून टाकायचं.

मग अक्षरांवरून भांडण पेटलं. किनीरची पाटी कॅपिटल आणि स्मॉल अक्षरं मिसळून. स्मॉल अक्षरांना वर-खाली शेपट्या असतात, त्यामुळे प्रत्येक गावाच्या नावाला आपली अशी आकृती येते, आणि अक्षरं सुटी वाचण्याआधीच डोळा नाव ओळखतो, असं त्याचं म्हणणं. समोर डेव्हिड किंडर्स्ली, दगडात अक्षरं कोरणारा कसलेला कारागीर. तो म्हणे, सगळी कॅपिटलच हवीत, टोकांना नखरा असलेली. वाद थेट ‘टाइम्स’च्या पत्रव्यवहारात गेला आणि तिथून बेन्सनच्या तळावर. निकाल? किंडर्स्लीची अक्षरं किंचित सरस! फरक इतका थोडा, की शेवटी दिसायला बरी म्हणून किनीरची निवडली. मोजमापाचा एवढा घाट घालून कौल रुचीने दिला, हे मला फारच आवडलं.

पण खरा चक्रावून टाकणारा भाग पुढेच आहे. रात्री हेडलाइटच्या झोतात गडद पाटीवरची पांढरी अक्षरं प्रकाशाने फुगतात. म्हणून ती मुद्दाम सडपातळ काढली, आणि पांढऱ्यावरच्या काळ्या अक्षरांना जाड वळण दिलं. एकाच घराण्यातली दोन वळणं, कारण आपले डोळे दोन तऱ्हेने फसतात! आणि पाटीचं माप? आधी पत्रा कापून त्यात नावं कोंबायची नाहीत. आधी वेग, त्यावरून अक्षराची उंची, त्यावरून पाटी. अंगरखा आधी शिवून माणूस शोधत बसायचं नाही, तसंच हे. वेगाचा हिशोब तर अंगावर काटा आणतो. समोर काही दिसून पाय ब्रेकवर पडेपर्यंत अभियंते अडीच सेकंद धरतात, आपल्याकडचे महामार्ग आखतानाही. ताशी 100 किलोमीटरने तेवढ्यात जवळजवळ 70 मीटर मागे पडतात, आणि गाडी अजून थांबायला सुरुवातसुद्धा झालेली नसते.

आता मुंबई-नाशिक रस्त्याने जाताना मी बाकी काही बघतच नाही. आपल्या लिपीत कॅपिटल-स्मॉलची भानगड नाही, पण वेलांटी, उकार यांनी ‘इगतपुरी’ला कशी झोकदार आकृती येते! आणि धोका कुठे आहे? ‘ध’ आणि ‘घ’मध्ये! सगळा फरक वरच्या बारीकशा फटीचा. अक्षरं फुगली आणि ती फट बुजली, की धुळ्याचं घुळे. ‘भ’ आणि ‘म’चंही तेच. कुणीतरी आपलीही अक्षरं अशी मोटारीवर चढवून बघावीत ना! मी स्वयंसेवक म्हणून पहिल्या रांगेत बसायला तयार आहे, डबा घेऊन.

पुढे 1961मध्ये सर वॉल्टर वॉरबॉइज यांच्या समितीने उरलेल्या सगळ्या रस्त्यांच्या पाट्या हाती घेतल्या आणि 1965पासून नवी चिन्हं लागू झाली. त्रिकोण सावध करतो, वर्तुळ हुकूम देतं, चौकोन माहिती सांगतो. आपल्याकडेही हीच भाषा चालते, पण मी ती आजवर ओळखलीच नव्हती. चित्रं कॅल्व्हर्टची. गाय काढली ती नात्यातल्यांच्या शेतावरच्या पेशन्स नावाच्या गायीवरून. शाळेच्या पाटीवर पूर्वी दप्तरवाला मुलगा पुढे असायचा, अगदी उच्चभ्रू शाळेतला वाटणारा. तिने मुलीला पुढे केलं आणि धाकट्या मुलाचा हात तिच्या हातात दिला. ती मुलगी म्हणजे लहानपणची ती स्वतः! सगळीच चित्रं मात्र साधली नाहीत. रस्त्याचं काम करणारा फावडेवाला हा उघडत नसलेल्या छत्रीशी झटापट करतोय, अशी थट्टा तिकडे पिढ्यान् पिढ्या चालली आहे. आपल्या ‘काम चालू’वरचा गडीही त्याच बिरादरीतला दिसतो, आणि जुलैत घाटात तो दिसला की मला तरी छत्रीच दिसते.