वासराच्या तोंडातली बोटं

वासराला बादलीत प्यायला शिकवायची एकच रीत मला ठाऊक होती. दोन बोटं दुधात बुडवून त्याच्या तोंडात द्यायची. ते चोखायला लागलं की हात हळूच बादलीत न्यायचा. बोटांमागं तोंड येतं आणि दूध ओढायला लागतं. आईनं मला असंच शिकवलं, मी माझ्या पोराला. सहा वर्षांचा होता तो. आमच्या चांदी वासराची खरखरीत जीभ लागली की खिदळायचा.

फलटण तालुक्यात आमचा नऊ संकरित गाईंचा गोठा. चांदी जन्मानंतर आठव्या दिवशी ढाळायला लागली. पिवळट, पाण्यासारखं, शेपूट आणि मागचे पाय लडबडलेले. जंत असतील म्हणून दहाव्या दिवशी द्यायचं जंताचं औषध मी दोन दिवस आधीच पाजलं. दुसऱ्या दिवशी ती उठेना. डॉक्टरांनी तिच्या मानेची कातडी चिमटीत धरून सोडली, तर वळी तशीच उभी राहिली.

"अंगातलं पाणी गेलंय ताई. आधी ते भरून काढू."

सलाईन लावलं. मीठ-साखरेचं पाणी थोडं थोडं पाजा, पण दूध तोडू नका, असं बजावलं. शेणाचा नमुना शिरवळच्या पशुवैद्यकीय महाविद्यालयात तपासायला दिला.

चांदी सावरली आणि पोरगा पडला. पोटात कळ यायची, दिवसातून आठ-दहा वेळा पातळ व्हायचं, खाल्लेलं ठरत नव्हतं. सगळ्यांनी आधी दुधावर संशय घेतला. आमच्या घरात दूध उकळल्याशिवाय कुणी तोंडाला लावत नाही. मग पाण्यावर आलं. मी टाकीत क्लोरीनचे थेंब टाकले. चार दिवस बरं वाटलं, पुन्हा सुरू. तालुक्यातल्या एका दवाखान्यात दोनदा शौचाची तपासणी केली, दोन्ही कागदांवर 'काही आढळलं नाही'. घरी जनावरं आहेत का, हे तिथं कुणी विचारलं नाही, आणि मलाही सांगायचं सुचलं नाही. त्याच्या चड्डीची नाडी रोज जरा जास्त ओढून बांधावी लागत होती, ते दिवस आठवले तरी अजून पोटात गोळा येतो.

मग जनावरांच्या डॉक्टरांचा फोन आला. शेणात क्रिप्टोस्पोरिडियम निघालं होतं. सांगून झाल्यावर त्यांनी विचारलं, "ताई, घरात कुणाला जुलाब होतायत का?" मी दावणीजवळच खाली बसले.

पोराचा नमुना घेऊन साताऱ्याला गेलो. नेहमीच्या तपासणीत हा जीव सहसा दिसत नाही, त्याला वेगळा रंग द्यावा लागतो. त्या रंगात हिरव्या पार्श्वभूमीवर लालसर गोल ठिपके दिसले. हा जंत नाहीच. एका पेशीचा परजीवी, त्याची अंड्यासारखी पुटकुळी पाचेक मायक्रॉनची. केसाच्या जाडीत डझनभर मावतील. जंताच्या औषधानं त्याला काही होत नाही. आजारी वासरू पहिल्या दोन-तीन आठवड्यांत शेणातून अशा कोट्यवधी पुटकुळ्या टाकतं, आणि त्या बाहेर पडल्या क्षणापासून लागण करतात. माणसाला दहा-वीससुद्धा पुरतात. क्लोरीनला तर त्या दाद देत नाहीत. १९९३ साली अमेरिकेतल्या मिलवॉकी शहरात नळाच्या पाण्यातून याच जातकुळीचा परजीवी गेला आणि सुमारे ४ लाख लोक आजारी पडले. माझे थेंब काय करणार होते?

पोराला नायटाझोक्सॅनाइड तीन दिवस दिलं, ओआरएस चालू ठेवलं. तो हळूहळू भरला. धडधाकट माणूस साधारण दोन आठवड्यांत आपोआपही बरा होतो. पण त्याच वर्षी जाऊबाईंची केमो चालू होती आणि सवयीनं त्या सकाळी शेण काढायला यायच्या. रोगाशी लढायची ताकद खालावलेल्या माणसाला हा आजार सोडत नाही, जिवावरही बेततो. डॉक्टरांनी हे सांगितलं त्या दिवशी मी जाऊबाईंच्या हातातली पाटी काढून घेतली. त्या रागावल्या. घरात बसवलं म्हणजे आपण निकामी झालो, असं त्यांना वाटलं. त्यांची समजूत काढायला मला आठ दिवस लागले.

शेणाला मी नावं ठेवणार नाही, याच शेणावर आमचं शेत पिकतं. पण नव्या वासराची जागा आता वेगळी, कोरडी. गाय व्याली की दोन तासांच्या आत वासराला पोटभर चीक. ढाळणाऱ्या वासराचं सगळ्यात शेवटी करायचं, त्याची भांडी उकळत्या पाण्यातून काढून उन्हात वाळवायची. हात साबणानं, वाहत्या पाण्याखाली; सॅनिटायझर इथं उपयोगाचं नाही.

चांदी मोठी झाली, परवा व्याली. कालवड झाली. चीक घेऊन मी बसले आणि माझी बोटं आपसूक बादलीत गेली. दारातून पोरगा ओरडला, "आई, बोटं!"

मी हात मागं घेतला. तो निपलची बाटली घ्यायला धावला.