आधी काढता आलं पाहिजे

यूएसबी माइक दुरुस्तीला येतो तेव्हा तक्रार बहुतेक वेळा ठरलेली असते. "दिवा लागतो, पण लॅपटॉप ओळखत नाही." निम्मं निदान तिथेच होतं. या केबलमध्ये कामाच्या तारा चार. लाल आणि काळीतून 5 व्होल्टचा पुरवठा, पांढऱ्या-हिरव्या जोडीतून आवाजाची माहिती. दिवा लागतोय म्हणजे लाल-काळी शाबूत आहेत, घोळ दुसऱ्या जोडीत. दुसरी केबल लावून पाहायची. तरी तेच रडगाणं असेल, तर माइक उघडायचा.

अशा माइकांवर दिसणारं मिनी-बी सॉकेट 5000 वेळा पिन घालण्या-काढण्यासाठी बनवतात. रोज दोनदा घातली तरी सहा-सात वर्षं सहज निघावीत. पण झिजून मेलेलं सॉकेट माझ्या टेबलावर क्वचितच येतं. येतात ती तिरक्या ओढीनं उखडलेली. बऱ्याच माइकांचं सॉकेट बुडाशी असतं. छोट्या स्टँडवर केबल टेबलाला टेकून वाकते आणि बोलणारा माणूस माइक जवळ ओढतो, फिरवतो. तो सगळा भार सॉकेटच्या चार इवल्याशा पायांवर. 2007 साली मायक्रो-यूएसबी आली तेव्हा झिजणारी स्प्रिंग सॉकेटमधून काढून केबलच्या टोकात नेली. केबल मरो, यंत्र वाचो, असा तो हिशेब, आणि चोख होता. पण तो झिजेपुरता. ओढीपुढे त्याचं काही चालत नाही.

ऑनलाइन गाणं शिकवणाऱ्या एक ताई असाच माइक घेऊन आल्या. "काका, दुसरीकडे म्हणाले बोर्डच बदला, आणि बोर्ड मिळत नाही." भिंगाखाली पाहिलं. सॉकेटचे मागचे दोन पाय सुटलेले, पाच पिनांपैकी हिरव्या तारेची एक हवेत, आणि तिच्याखालचं तांब्याचं पॅड सोलून वर आलेलं.

नवं सॉकेट पुण्यात तपकीर गल्लीत किरकोळ पैशांत मिळतं. फक्त पायांमधलं अंतर व्हर्नियरनं मोजून न्यावं, सारखी दिसणारी दोन सॉकेटं सारखी बसतीलच असं नाही. बसवणंही फार अवघड नाही. खरी कारागिरी जुनं काढण्यात आहे. अलीकडच्या बोर्डांवर शिसं नसलेलं सोल्डर असतं, ते साधारण 217 अंशांच्या पुढे वितळतं. त्यात सॉकेटचे पाय ग्राउंडच्या मोठ्या तांब्याला जोडलेले, दिलेली उष्णता ते तांबं पिऊन टाकतं. घाईत सॉकेट पकडीनं हलवलं की उरलेली पॅडंही हातात येतात. म्हणून मी आधी फ्लक्स लावून, प्रत्येक पायावर 63-37 चं शिसंवालं सोल्डर मुद्दाम चढवतो. ते 183 अंशांनाच वितळतं. दोन्ही मिसळली की जुनं सोल्डरही लवकर नरम पडतं. मग खालून ऊब, वरून ब्लोअर, आणि वाट पाहणं. सॉकेट आपणहून तरंगायला लागलं की चिमट्यानं उचलायचं. ओढायचं नाही.

त्याआधी माइकची कॅप्सूल सोडवून दूर ठेवतो. तिच्यातला पडदा काही मायक्रॉन जाडीचा असतो, त्याला ना उष्णता सोसत, ना फ्लक्सचा धूर. कनेक्टर जोडला आणि आवाज घालवला, तर दुरुस्ती कसली!

ताईंच्या बोर्डावर सोललेल्या पॅडचा ट्रॅक भिंगातून मागे शोधत गेलो. तो जवळच्याच एका रिझिस्टरला जाऊन मिळत होता. तिथून केसासारख्या बारीक एनॅमल तारेचा जंपर मारला. टोकाचा मुलामा जाळून आधी त्यावर सोल्डर चढवलं, तार पांढऱ्या जोडीदाराच्या अगदी लगत नेली. या दोघींना एकमेकींपासून फार लांब नेलेलं खपत नाही. वरून यूव्ही मास्कचा थेंब. चारही पायांना मात्र सढळ हातानं सोल्डर, कारण भार तेच उचलणार.

मग मीटर. लाल आणि काळी एकमेकींत बझर वाजवत नाहीत याची खात्री झाल्याशिवाय गिऱ्हाइकाचा लॅपटॉप जोडायचा नाही, आधी पॉवर बँक. लॅपटॉपनं माइक ओळखला तरी मी लगेच परत देत नाही. हेडफोन लावून रेकॉर्डिंग चालू ठेवतो आणि केबल हलक्या हातानं चारी दिशांना हलवतो. एक जरी टिचकी ऐकू आली तरी पुन्हा भिंग.

तुमच्या माइकची पिन हलायला लागली, तर कृपा करून तिथे सुपरग्लू ओतू नका. तो आत झिरपून पिनांवर बसतो, आणि सॉकेट काढताना त्याच्याबरोबर पॅडं निघतात. आत काही खडखडत असेल तर तो तुकडा पुडीत बांधून आणा, केबलही आणा. आणि दुरुस्त होऊन घरी गेल्यावर केबल सॉकेटपाशी थोडी सैल ठेवून स्टँडच्या दांड्याला बांधा, म्हणजे ओढ दांड्यावर येईल.