प्रागचे भूमिगत सूर

‘भूमिगत’ हा शब्द कानी पडला की आम्हां गोमंतकीयांस प्रथम आठवते ते १९५५ ते १९६१ या काळात सरहद्दीवरच्या रानातून चाललेले गुप्त नभोवाणी केंद्र. वडीलधारी मंडळी दारे लावून, आवाज बारीक करून ते ऐकत, असे आम्ही घरात ऐकत आलो. त्यामुळे वाद्यवृंदालाही ‘भूमिगत’ म्हणतात हे कळले तेव्हा आम्हांस हसू आले. गाणे ही काय लपविण्याची वस्तू? पण एका स्नेह्याने प्रागच्या ‘द प्लास्टिक पीपल ऑफ द युनिव्हर्स’ या वाद्यवृंदाची ओळख करून दिली आणि ते हसू ओसरले.

खरे सांगावयाचे तर पहिल्या श्रवणी हे संगीत आम्हांस मुळीच रुचले नाही. देवळातील भजनांवर आणि नाट्यपदांवर वाढलेले आमचे कान! येथे सॅक्सोफोनचा टाहो, व्हायोलाची करवत, आणि खाली बास गिटारीचा एकच ठेका, पुनःपुन्हा. “हे गाणे की भांडण?” वडिलांनी विचारले. आम्हांजवळ उत्तर नव्हते. ते शोधण्यासाठी आम्ही या मंडळींची हकीकत वाचली.

१९६८ च्या ऑगस्टमध्ये सोव्हिएत रणगाडे चेकोस्लोव्हाकियात शिरले. त्यानंतर लवकरच मिलान ह्लाव्सा या सतरा वर्षांच्या मुलाने मित्रांसह हा वृंद उभा केला. १९७० साली त्यांचा व्यावसायिक परवाना गेला. परवाना नाही म्हणजे सभागृह नाही. मग हे लोक खेडोपाडी, कोणाच्या लग्नाचे निमित्त करून वाजवू लागले. एगॉन बाँडी या कवीच्या बंदी असलेल्या कवितांना त्यांनी चाली दिल्या. ती गाणी १९७८ साली फ्रान्समध्ये तबकडीच्या रूपाने निघाली.

१९७६ च्या फेब्रुवारीत वृंदाचे मार्गदर्शक इव्हान यिरोउस यांच्या विवाहानिमित्त बोयानोव्हित्से गावी मोठा कार्यक्रम झाला. पुढच्याच महिन्यात धरपकड झाली. सप्टेंबरात यिरोउस यांस अठरा महिने आणि सॅक्सोफोनवादक व्रातिस्लाव ब्राबेनेत्स यांस आठ महिने कारावास ठोठावण्यात आला. आरोप काय, तर संघटितपणे शांतताभंग! नाटककार वाक्लाव हावेल तो खटला ऐकावयास गेले होते. त्या अन्यायाच्या चिडीतून १९७७ च्या जानेवारीत ‘चार्टर ७७’ ही मानवी हक्कांची सनद निघाली. १९८९ च्या डिसेंबरात हावेल त्याच देशाचे राष्ट्राध्यक्ष झाले.

तथापि, हे लोक आम्हांस आवडतात ते राज्य उलथण्यास त्यांचा हात लागला म्हणून नव्हे. त्यांस राजकारण करावयाचेच नव्हते. आपली चाल आपल्या मनाप्रमाणे वाजवावी, एवढीच त्यांची इच्छा. पण जेथे प्रत्येक सुरास वरून संमती लागते, तेथे ही साधी इच्छाही सत्तेस असह्य होते. हे उमगल्यावर तो एकच ठेका आम्हांस निराळा ऐकू येऊ लागला: कोणी थांबवू पाहत असताना न थांबणारा.

आमची सर्वांत आवडती कृती म्हणजे १९७८ साली हावेल यांच्या गावाकडील घरी ध्वनिमुद्रित झालेले ‘पाशिओव्हे ह्री’. येशूच्या अखेरच्या यातनांची ही कथा. त्यातील शब्द ब्राबेनेत्स यांनी बायबलवरून जुळविले. धर्म वेगळा, भाषा अनोळखी. तरी कर्कश सॅक्सोफोनमागे आर्त आळवणी आहे, हे भजन ऐकणाऱ्या कानास कळावयास वेळ लागत नाही.

एका रात्री आम्ही ती लावली असता वडील येऊन बसले. ही हकीकत आम्ही त्यांस सांगितली होतीच. थोड्या वेळाने ते म्हणाले, “आवाज जरा बारीक कर.” बंद कर, असे ते म्हणाले नाहीत. मग बारीक आवाजातच, कान देऊन, त्यांनी ती शेवटपर्यंत ऐकली.

वाचकहो, हे संगीत आपणांस रुचेलच असे आम्ही म्हणत नाही. एकदा ऐकून पाहावे, एवढीच विनंती. आवाज मात्र हवा तेवढा मोठा ठेवावा. आज आपणांस ती मोकळीक आहे.