कुंचल्याचे फराटे

चौथीला मातीकाम घेतलं की "बाई, माझं नीट नाही झालं" हे वाक्य हमखास ऐकू येतं. काही पालक तर वस्तू घरूनच गुळगुळीत करून पाठवतात! अशा वेळी मी कोरियातल्या 'बुनचॉन्ग' भांड्यांची चित्रं दाखवते.

ही भांडी १५व्या-१६व्या शतकातली. आपल्या लोणच्याच्या बरणीसारखीच कडक आचेवर भाजलेली. माती मात्र राखाडी, लोहाचा अंश असलेली. म्हणून तिच्यावर पांढऱ्या मातीचा पातळ लेप द्यायचा आणि वरून पारदर्शक झिलई.

सगळी करामत त्या लेपाची. सुरुवातीच्या भांड्यांवर बारीक फुलांचे ठसे अगदी दाटीने मारलेले दिसतात. ठशांच्या खळग्यांत पांढरी माती भरायची, वरची खरवडायची. मोठं चिकाटीचं काम. यातली बरीच भांडी सरकारात जमा व्हायची. ती चोरीला जायला लागली, म्हणून १४१७ साली त्यांच्यावर कार्यालयाचं नाव घालायचा हुकूम निघाला. आपण लग्नातल्या भांड्यांवर नाव घालतो ना, तस्संच! मुलांना हे फार आवडतं.

पुढे दरबाराला शुभ्र पोर्सेलीन हवंसं झालं आणि त्याच्या सरकारी भट्ट्या निघाल्या. बुनचॉन्गवरची सरकारी नजर हटली आणि मला वाटतं, तिथूनच कुंभारांचा हात मोकळा झाला. कुणी लेपावर टोकदार काडीने मासा कोरला. कुणी माशाभोवतीचा लेप खरवडून मासा तेवढा पांढरा ठेवला. ग्येर्योंगसान डोंगराजवळच्या भट्ट्यांत लोहाच्या तपकिरी रंगाने झपाझप चित्रं काढली. कुणी राठ कुंचल्याने लेप फासला आणि फराटे तसेच राहू दिले. कुणी भांडं बुडाकडून धरून सरळ लेपात बुडवलं, खालचा भाग कोराच! माझा जीव या फराट्यांवर. कुंभाराचा हात किती वेगात फिरला, ते आजही दिसतं.

१५९२ साली जपानने स्वारी केली. कितीतरी कुंभारांना पकडून नेलं. तिकडच्या चहाच्या जाणकारांनी ही ओबडधोबड भांडी जपून ठेवली. कोरियात मात्र ती घडायची थांबली.

बुनचॉन्ग हे नावही त्या कुंभारांच्या कानावर कधी पडलं नसेल. १९३०च्या दशकात गो यु-सॉप या कोरियन कला-इतिहासकाराने दिलेल्या लांबलचक नावाचं ते छोटं रूप आहे.